एकच प्लॉट दोघांना विकला: माझं नाव सातबाऱ्यावर कसं लागलं

खरेदीखत माझं, सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्या खरेदीदाराचं. तलाठ्याकडे हेलपाटे घातले. पोलीस म्हणाले, दिवाणी वाद आहे. वर्ष वाया गेलं.

आधी दोन्ही दस्तांच्या सूची क्रमांक २ च्या (दस्त नोंदणीचा तपशील देणाऱ्या उताऱ्याच्या) नकला काढल्या. माझा दस्त आधीचा निघाला, आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 48 आधीच्या हक्कालाच प्राधान्य देतं. (फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, आधी कुणाचा झाला, यावर मालकी ठरत नाही.) मग फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील (त्याची मुदत 60 दिवसांची असते). सोबत दिवाणी दावा: मालकी जाहीर करा, दुसरं खरेदीखत रद्द करा. तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी दिला. लगेच दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवली. म्हणजे प्लॉट तिसऱ्यांदा विकला तरी तो घेणारा दाव्याच्या निकालाने बांधला जातो. कोर्टाचा हुकूमनामा मिळाल्यावर त्याच्या नकलेवरून फेरफार झाला.