विंडोज ११ टाकलं आणि नेटवर्क गेलं? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि छोट्या ऑफिसांत अपग्रेडची घाई सुटली. तेव्हापासून मला येणारे फोन ठरलेले आहेत. "अपग्रेड नीट झालं, पण शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही." "प्रिंटर दिसत नाही." "नेटच गेलं." यात मशीन खरोखर बिघडलेलं क्वचित असतं. अपग्रेडच्या आधी दहा मिनिटं बघायचं राहून गेलेलं असतं, एवढंच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारा प्रोग्रॅम) आणि अँटिव्हायरस तसेच ठेवून अपग्रेड करणं. यातले बरेच प्रोग्रॅम नेटवर्क कार्ड आणि विंडोज यांच्या मधोमध आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतात. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट त्यातून जातं. विंडोज नवं आलं आणि फिल्टर जुनाच राहिला, की वाट बंद.

२०१५ च्या सप्टेंबरची गोष्ट. साताऱ्यातलं एका सीएंचं ऑफिस, टॅक्स ऑडिटचे दिवस. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी विंडोज ८.१ वर १० चढवलं. मी पोहोचलो तोवर राउटर तीनदा बंद-चालू झाला होता, केबलही बदलून झाली होती. लॅन पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकत होता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड ठीक दिसत होतं, पण नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी पूर्ण कोरी! कारण निघालं जुनं व्हीपीएन. ते काढायला गेलो, तर त्याचा अनइन्स्टॉलर नव्या विंडोजवर चालेना. शेवटी ८.१ वर परत गेलो, व्हीपीएन काढलं, रीस्टार्ट केलं आणि पुन्हा अपग्रेड लावलं. रात्री दीडला सगळं जागेवर आलं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. आदल्या दिवशीच व्हीपीएन आणि बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. मधल्या वेळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो, त्यामुळे मशीन उघडं पडत नाही. अपग्रेडनंतर बनवणाऱ्याच्या साइटवरून नवी आवृत्ती घ्यायची. "नुसतं डिसेबल केलं तर?" असं प्रत्येक जण विचारतो. नाही चालत. डिसेबल केलं तरी ड्रायव्हर जागेवरच असतो.

दुसरी चूक बघून मला खरोखर राग येतो. विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेल्यावर जुना नॅस (नेटवर्कला जोडलेला, फाइल साठवायचा डबा) किंवा दुसऱ्या पीसीवरचं फोल्डर उघडत नाही. तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार गेस्टला प्रवेश नाही, अशा अर्थाचा मेसेज येतो. आजवर ते शेअर पासवर्डशिवाय, गेस्ट म्हणून उघडत होतं. या आवृत्तीत तो रस्ता मुद्दाम बंद केला आहे आणि एसएमबी (विंडोज फोल्डर शेअर करायला वापरतं ती पद्धत) साइनिंगही, म्हणजे प्रत्येक निरोपावरची डिजिटल सही तपासणं, सक्तीचं झालं आहे. मग लोक एखादा व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) गेस्ट चालू करतात. त्यानंही भागलं नाही तर एसएमबी१, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, चालू करतात. काम पाच मिनिटांत होतं खरं, पण मे २०१७ मध्ये फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो याच एसएमबी१ मधल्या भोकातून. एका जुन्या डब्यासाठी नव्या मशीनचं कुलूप काढून ठेवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मी काय करतो? नॅसवर प्रत्येकाचं युझरनेम आणि पासवर्ड तयार करतो, नव्या पीसीवर ते विंडोजच्या पासवर्ड साठवणाऱ्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये घालतो. नॅसला साइनिंग जमत नसेल तर आधी त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. फोल्डर पीसीवर असेल तर तिथे शेअरिंगपुरतं वेगळं लोकल अकाउंट काढतो. कारण रोज पिन टाकणाऱ्यांना खरा पासवर्ड आठवत नसतो आणि शेअरला पिन चालत नाही. झेरॉक्स मशीन स्कॅन शेअर फोल्डरमध्ये पाठवत असेल, पण त्याला फक्त एसएमबी१ येत असेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण वेळ खातात. अपग्रेडनंतर नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' झालं असेल तर तुमचं शेअर दुसऱ्यांना दिसणार नाही. ऑफिसच्या नेटवर्कला ते 'प्रायव्हेट' करा, फायरवॉल बंद करू नका. स्टॅटिक आयपी (हाताने ठरवून दिलेला पत्ता), गेटवे, डीएनएस या नेटवर्क सेटिंग्जचा मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवा. दुसऱ्या पीसीवरून शेअर केलेला प्रिंटर ११बी एरर देत असेल आणि प्रिंटरला लॅन पोर्ट असेल, तर तो सरळ आयपीने जोडा. लॅन ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर हवाच. नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर उतरवता येतो.

काही अडलं की पहिल्या फटक्यात 'नेटवर्क रीसेट' दाबणारे फार आहेत. त्याने सगळी कार्डं काढून पुन्हा बसतात, स्टॅटिक आयपी पुसला जातो आणि व्हीपीएन बहुधा पुन्हा टाकावं लागतं. तो उपाय शेवटचा.

आणि जागा हवी म्हणून दुसऱ्याच दिवशी डिस्क क्लीनअपमधून जुनं विंडोज उडवू नका. मागे जायला आता १० दिवसच मिळतात. त्या दहा दिवसांत शेअर, प्रिंटर, स्कॅन, व्हीपीएन, अकाउंटिंगचं मल्टियुझर, सगळं एकदा प्रत्यक्ष चालवून बघा. माझ्याकडे येणारे निम्मे फोन अकराव्या दिवशी येतात.