व्हीआरमधून राजकीय इतिहास सांगताय? या चुका टाळा

९ नोव्हेंबर १९८९. पूर्व बर्लिनमध्ये पत्रकार परिषद चालू आहे. संध्याकाळचे सात वाजायला काही मिनिटं उरलेली. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे नेते ग्युंटर शाबोव्स्की हातातला कागद वाचून दाखवतात: नागरिकांना आता सीमा ओलांडून पश्चिमेकडे जाता येईल. कधीपासून, असं विचारल्यावर ते कागद चाळतात आणि म्हणतात, ताबडतोब, विनाविलंब. नवा नियम खरा लागू व्हायचा होता दुसऱ्या दिवशी. काही तासांत हजारो माणसं सीमेवरच्या फाटकांसमोर येऊन उभी राहिली.

या रात्रीवर व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आत शिरता येईल असा आभासी अनुभव, करायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच चित्र येतं: प्रेक्षकाला बर्लिनच्या भिंतीवर चढवायचं, हातात हातोडा द्यायचा, खाली जल्लोष. माझ्या मते पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हातोडा उचलणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. त्या संध्याकाळी फाटकापाशी उभ्या असलेल्या एकालाही तो ठाऊक नव्हता. गोळी सुटेल की फाटक उघडेल, हे कोणालाच सांगता आलं नसतं. ते न कळणं प्रेक्षकाच्या अंगावर यायला हवं. म्हणून त्याला नेमकं कुठे बसवायचं हे आधी ठरवा, दृश्यं नंतर.

मी त्याला बोर्नहोल्मर श्ट्रासच्या नाक्यावर, ओळखपत्रं तपासणाऱ्याच्या टेबलामागे बसवेन. त्या रात्री तिथल्या तपासणीची सूत्रं सांभाळणारे अधिकारी हाराल्ड येगर यांनी ती घोषणा जेवता जेवता टीव्हीवर पाहिली होती. ते वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत होते आणि स्पष्ट आदेश काही येत नव्हता. रात्री नऊनंतर तोडगा निघाला तो असा: जे जास्त आवाज करतायत त्यांना सोडा, पण ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्का मारा. त्या शिक्क्याचा अर्थ, या माणसाला आता परत येता येणार नाही. जाणाऱ्यांना याची कल्पना नव्हती.

आता हे हातात आणून पाहा. प्रेक्षकाच्या हातातला कंट्रोलर म्हणजे शिक्का. समोर उघडलेलं ओळखपत्र, त्यात एका तरुण मुलीचा छोटासा फोटो. प्रेक्षक हात खाली आणतो, हलका धक्का बसतो, शाई तिच्या गालावर उमटते. मुलगी हसून आभार मानते आणि पुलाकडे निघते. असं सात-आठ वेळा होऊ द्या. मग पलीकडे जाऊन आलेलं एक जोडपं त्याच टेबलासमोर येऊन उभं राहतं. त्यांना घरी जायचंय, मुलं घरी झोपली आहेत. ओळखपत्रावर प्रेक्षकाने स्वतः मारलेला शिक्का आहे.

इथे हमखास येणारी अडचण म्हणजे काही जण शिक्का मारतच नाहीत. घाबरून दुसरा शेवट लिहायला घेऊ नका. प्रेक्षकाच्या हट्टाने इतिहास बदलला, तर तुम्ही त्या रात्रीची गोष्ट सांगणं सोडून दिलंत. उलट ‘चुकीची कृती’ असा लाल इशाराही नको. वीसेक सेकंद रांग थांबू द्या, मागची माणसं कुरकुरू द्या, आणि मग शेजारचा सहकारी हात लांब करून तोच शिक्का मारून टाकेल. नकाराला जागा मिळाली आणि घटनाही पुढे गेली. पुढे ते जोडपं परत येईल तेव्हा त्याची नजर आधी प्रेक्षकाकडे जाईल की सहकाऱ्याकडे, एवढा बदल जरूर ठेवा. माझ्या मते अशा गोष्टीत प्रेक्षकाला इतकंच स्वातंत्र्य पुरे, पण तेवढं मात्र खरं असायला हवं.

डोळ्यांची उंची तपासा

ही चूक तांत्रिक वाटते, पण ती थेट अर्थात घुसते. हेडसेटमध्ये जमिनीची पातळी चुकली की बसलेला प्रेक्षक हातभर वर तरंगतो आणि समोरच्या गर्दीकडे वरून पाहू लागतो. नाक्यावर खुर्चीत बसलेला माणूस आणि समोर उभी माणसं, या नात्यातलं सगळं राजकारण त्या उंचीत आहे. त्यामुळे सुरुवातीलाच प्रेक्षकाला दोन्ही तळवे टेबलावर ठेवायला सांगा आणि त्यावरून दृश्याची उंची जुळवा. समोर खरं टेबल ठेवता आलं तर फारच उत्तम, शिक्का मारताना हात हवेत जात नाही.

माहितीचे फलक

पार्श्वभूमी सांगायची म्हणून हवेत तरंगणारे मजकुराचे चौकोन लावले जातात. एक तर ते वाचवत नाहीत: चांगल्या नजरेला एका अंशाच्या कोनात सुमारे ६० पिक्सेल लागतात, आणि सध्याच्या बऱ्याच हेडसेटमध्ये ते २० ते २५ च्या आसपास असतात. शिवाय मान वळवली की सोबत फिरणारा मजकूर डोकं उठवतो. वाचायलाच लागेल असं काही असेल तर ते दीड-दोन मीटरवर, ठळक अक्षरात, एका जागी स्थिर ठेवा. बाकीचं फोनवर सोपवा. येगर फोनवर बोलतायत, पलीकडचा आवाज अस्पष्ट ऐकू येतोय, एवढ्यावरून आदेश नाही हे कळतं आणि त्यातली अस्वस्थताही पोचते.

गर्दी आणि मळमळ

गर्दीने प्रेक्षकाला ढकलत न्यायचा मोह टाळा. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, आणि माणूस हेडसेट काढून ठेवतो. प्रेक्षक जागेवर राहू दे, गर्दी त्याच्या अंगावर येऊ दे: टेबल हादरतं, ‘फाटक उघडा’चा आवाज जवळ येतो.

तरीही चित्र अडखळत असेल तर माणसं मोजा. सेकंदाला ७२ फ्रेम, म्हणजे ७२ स्थिर चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला १४ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. पुढची पंधरा-वीस माणसं नीट घडवा, त्यांच्या मागची साध्या हालचालींची, आणि सगळ्यात मागे सपाट आकृत्या. रात्र आहे, अंधार मदतीला येतो. हजारोंची जाणीव बरीचशी आवाजानेच होते, तेव्हा वेळ आणि पैसा ध्वनीवर खर्च करा.

साडेअकराच्या सुमारास फाटक उघडतं आणि प्रेक्षक नेमका शिक्क्याकडे पाहत बसलेला असतो. ही तक्रार नेहमीची. त्याची मान जबरदस्तीने वळवू नका. आधी त्या बाजूने आवाज येऊ द्या, मग आजूबाजूच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळू द्या. तोही वळेल. न वळला तरी फाटक त्याच्यासाठी थांबवून ठेवू नका.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. खऱ्या माणसांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका. शाबोव्स्कींची पत्रकार परिषद टीव्हीवर थेट दाखवली गेली होती. परवानगी घेऊन तेच चित्रण नाक्यावरच्या टीव्हीवर लावा. येगर यांचे शब्द त्यांनी स्वतः नंतर जे सांगितलं त्यातूनच घ्या. टेबलासमोरची मुलगी, शेजारचा सहकारी ही आपली निर्मिती आहे, तर ते सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. प्रेक्षकाने हाताने केलेली गोष्ट त्याच्या स्मरणात राहते, आणि पुढे तो ती ‘असंच घडलं होतं’ म्हणून इतरांना सांगतो. त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

चाचणी घेताना हेडसेट उतरवल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. शिक्का ओळखपत्रावर कुठे मारलात ते विचारा, आणि त्याचा अर्थ केव्हा लक्षात आला तेही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘लक्षात आलं नाही’ असं येत असेल, तर त्या जोडप्याचं दृश्य पुन्हा लिहायला घ्या.