सोसायटीतलं झाड काढायचं ठरलंय? करवत बोलावण्याआधीची तयारी

होळी झाली की सोसायट्यांच्या सभांमध्ये झाडांचा विषय निघतो. कुणाच्या गाडीवर फांदी पडलेली असते, कुणाच्या खोलीत उजेड येत नाही, कुणाला पानगळीचा त्रास. ठाण्याला आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यातला गुलमोहर काढायची वेळ आली तेव्हा सचिवपद माझ्याकडे होतं. त्या चार महिन्यांत जे जे करावं लागलं ते ओळीने लिहून ठेवते आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असाल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी झाडाखाली जाऊन उभं राहा. सभेत बसून निर्णय घेऊ नका. आमच्या गुलमोहराच्या बुंध्यावर जमिनीलगत तपकिरी, ताटलीएवढी बुरशी उगवली होती. माळीकाकांनी कोयत्याच्या मुठीने बुंधा ठोकला तर एका बाजूला लाकडाचा टणक आवाज आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या डब्यासारखा. तिथे मला पटलं. पण त्याच पार्किंगमधलं बकुळीचं झाडही यादीत होतं, केवळ फुलांचा सडा गाड्यांवर पडतो म्हणून. ते मी यादीतून काढायला लावलं आणि आजही मला ते बरोबर वाटतं. झाड वाकलंय की वाकत चाललंय, मुळांजवळची माती उचलली गेलीय का, शेंड्याकडच्या फांद्या वाळल्यात का, हे बघा. पुष्कळदा नुसती छाटणी पुरते. मात्र छाटणीलाही परवानगी लागते, ती पालिकेच्या उद्यान विभागाकडून घ्या.

आता कायदा. झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे म्हणून ते आपल्या मर्जीचं होत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खाजगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे, आणि त्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे फक्त करवत चालवणं नव्हे. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यातच आलं. बुंध्याची साल गोल सोलून किंवा मुळाशी ॲसिड ओतून झाड ‘आपोआप’ वाळवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला तिथेच थांबवा. दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे आणि तोडलेलं प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. आम्हालाही एक ठेकेदार म्हणाला होता, “मॅडम, रविवारी पहाटे दोन तासांत पाडतो, कुणाला कळणार नाही.” त्याचा नंबर मी त्याच दिवशी काढून टाकला. गावाकडे, शहराच्या हद्दीबाहेर जमीन असेल तर तिथे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा बघावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर अशी आपल्या रोजच्या ओळखीची झाडं आहेत.

तारखांचं गणित उलटं मांडा. झाड तोडण्याच्या परवानगीसाठी पालिकेकडे अर्ज दिल्यापासून निर्णयाला ६० दिवस धरलेले आहेत आणि परवानगी हातात आल्यावरही १५ दिवस झाडाला हात लावता येत नाही. म्हणजे झाले ७५ दिवस. १ जूनला काम हवं असेल तर अर्ज १८ मार्चच्या आत जायला हवा, आणि त्याआधी सभा, ठराव, फोटो, मोजमाप. जानेवारीत सुरुवात करा. मे महिन्यात जागं होणाऱ्या सोसायट्या पाऊस डोक्यावर घेऊनच धावत असतात.

कागदांत जागेच्या मालकीचा पुरावा घ्या, म्हणजे मिळकत पत्रिका किंवा सातबारा. सोसायटी असेल तर ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या, आणि ठरावात झाडाची जात, जागा आणि कारण स्पष्ट लिहा. ‘धोकादायक झाडे काढणे’ असा मोघम ठराव कामाचा नाही. कंपाउंडचा साधा नकाशा काढून प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, ठेवायच्या झाडांनाही. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा, एक ज्या दोषासाठी काढताय त्याचा.

वयाचा पुरावा शोधायला वेळ द्या, कारण १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर झाडाचं वय फार महत्त्वाचं झालं आहे. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं. ते काढायचं झालं तर निदान त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात, तीही सहा ते आठ फूट उंचीची, जिओटॅग केलेली (म्हणजे प्रत्येकाचं नेमकं ठिकाण डिजिटल नकाशावर नोंदवलेली), सात वर्षं जपायची. साठ वर्षांचं चिंचेचं झाड म्हणजे साठ झाडं! आमच्या गुलमोहराचं वय सापडलं तळमजल्यावरच्या आजींच्या वास्तुशांतीच्या अल्बममध्ये. मांडवाच्या मागे तो दिसतो, जेमतेम पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचलेला, आणि फोटोमागे निळ्या शाईत तारीख. ती प्रत आम्ही अर्जाला जोडली.

अर्ज गेल्यावर वृक्ष अधिकाऱ्यांची पाहणी होते. त्या दिवशी समितीतलं कुणीतरी झाडाशी हजर हवं, नकाशा हातात घेऊन. नंतर झाडावर नोटीस लागते आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, म्हणजे कुणालाही हरकत घेता येते. नोटीस सुतळीने बांधा, खिळा ठोकू नका. हरकत आली तर वैर धरू नका. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी लेखी हरकत घेतली होती. मी त्यांना आणून बुंध्याचा पोकळ आवाज ऐकवला. त्या खूप वेळ झाडाला हात लावून उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “याच्या जागी काय लावणार ते आधी सांगा.” त्यांचा प्रश्न रास्त होता.

परवानगीपत्र आलं की अटी शब्दन् शब्द वाचा. किती झाडं लावायची, कुठे, अनामत रक्कम किती, ती केव्हा परत मिळणार. पत्राची प्रत फाटकावर लावा, पोलिसांत तक्रार गेली तर वॉचमनला दाखवता येते. कापायच्या आदल्या दिवशी विजेच्या तारांसाठी महावितरणला कळवून ठेवा आणि गाड्या हलवा. कापायच्या दिवशी सकाळी फांद्यांत घरटी आहेत का हे पुन्हा एकदा बघाच. उन्हाळ्याच्या अखेरीस कावळ्यांची आणि पावसाळ्यात बगळ्यांची पिल्लं असतात, तेव्हा काम पुढे ढकला. झाड अचानक कलंडलं आणि माणसांना धोका असेल तर मात्र अर्जाची वाट बघायची नाही. अग्निशमन दल आणि पालिकेचा आपत्कालीन कक्ष यांना फोन करा, खालची जागा मोकळी करा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

आता लावायचं झाड. परवानगीत सहसा तोडल्यापासून ३० दिवसांची मुदत घातलेली असते, त्यामुळे खड्डा आणि रोप आधीच ठरवा. आमचा गुलमोहर का पोकळ झाला ते खोड काढताना कळलं. कित्येक वर्षांपूर्वी पार्किंगचं काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलेलं होतं आणि त्या कडेखालची मुळं काळी, भुसभुशीत झाली होती. नवीन झाडाभोवती म्हणूनच निदान चार-पाच फूट माती उघडी ठेवा. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. नर्सरीत रोप निवडताना पिशवी बाजूला करून मुळं बघा. ती गोल गोल वेटोळी झाली असतील तर रोप कितीही उंच असलं तरी नको म्हणा. वड, पिंपळ, उंबर पाण्याच्या टाकीजवळ लावू नका, त्यांना मोकळी जमीन लागते. छोट्या आवारात बहावा, ताम्हण, कांचन, सीताअशोक छान वाढतात. जरा मोठी जागा असेल तर करंज किंवा कदंब.

आम्ही त्या कोपऱ्यात ताम्हण लावलं. हरकत घेणाऱ्या बाईंनीच माती लोटली. पाण्याची वही वॉचमनच्या केबिनमध्ये दोरीला बांधलेली आहे. पावसाळा सोडून पहिली दोन वर्षं एक दिवसाआड दोन बादल्या, ज्याने घातल्या त्याची सही. दर जूनमध्ये त्याच खांबाशेजारून एक फोटो काढायचा आणि अनामत रकमेच्या फाइलला लावायचा. यंदाच्या फोटोत शेंडा मीटरच्या पेटीच्या वर गेलेला दिसतो.