बालवाडीतील स्वमग्न मूल : आधी दिवस समजू द्यावा

दांडिया बाजार किंवा रावपुरा भागातल्या मराठी घरातून वडोदऱ्याच्या बालवाडीत येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासमोर एकाच सकाळी नवी खोली, अनोळखी माणसे आणि बहुधा गुजराती ही नवी भाषा उभी राहते. मूल स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेले असेल तर पंख्याची घरघर, डब्यांचे वास आणि मुलांचा कलकलाटही त्याला इतरांहून कितीतरी तीव्रतेने जाणवू शकतो. म्हणून पहिले काही आठवडे त्याला काय शिकवावे यापेक्षा त्याला दिवस कसा कळेल, याचा विचार शिक्षिकेने करावा.

यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे चित्रांचे वेळापत्रक. चपला काढणे, प्रार्थना, खेळ, हात धुणे, डबा, घरी जाणे अशा टप्प्यांचे फोटो त्याच वर्गात, त्याच वस्तूंचे काढावेत. विकतच्या तक्त्यावरचा नळ आणि वर्गाबाहेरचा नळ यांचा संबंध या वयाच्या मुलाला लागेलच असे नाही. फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, वरून खाली लावावेत आणि एक काम संपले की त्याचा फोटो मुलानेच काढून ‘झाले’ असे लिहिलेल्या खिशात टाकावा. एवढे फोटो जड जात असतील तर ‘आधी हात धुणे, मग डबा’ असे दोनच पुरतात. खेळ घंटा वाजवून एकदम थांबवण्याऐवजी वाळूचे घड्याळ समोर ठेवावे, आणि दिवसाच्या क्रमात बदल होणार असेल तर तो सकाळीच फोटो बदलून दाखवावा.

बोलताना शब्द कमी असावेत. ‘जरा इकडे येऊन नीट बसतोस का बघू’ याऐवजी ‘सोहम, इथे बस’ एवढेच म्हणावे आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत सूचना पुन्हा देऊ नये. डोळ्यांत पाहण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. ‘पाणी हवं?’ हा प्रश्न मूल तसाच परत उच्चारत असेल तर बहुधा ते पाणीच मागत असते; पाणी देताना ‘पाणी हवं’ असे त्याच्या वतीने बोलून दाखवावे.

‘मूल गोंधळते, घरी मराठी बंद करा’ हा सल्ला पालकांना सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे स्वमग्न मुलांचा भाषाविकास मागे पडतो, असे या विषयावरील अभ्यासांत दिसलेले नाही. घरची भाषा तोडली तर मात्र आजी-आजोबांशी होणारा त्याचा संवाद तुटतो. त्यापेक्षा मुलाचे रोजचे दहा-बारा मराठी शब्द पालकांनी लिहून द्यावेत, वर्गातल्या बेननी, म्हणजे शिक्षिकेने, ते गुजरातीच्या जोडीने वापरावेत आणि तेच फोटो घरीही लावावेत.

मूल कान झाकून जमिनीवर लोळू लागले तर त्याला हट्ट समजू नये. अशा वेळी आजूबाजूची मुले दूर न्यावीत, बोलणे थांबवावे आणि चादर-उशी ठेवलेल्या शांत कोपऱ्यात त्याला सावरू द्यावे. आधी नेमके काय घडले होते ते नंतर वहीत टिपावे, कारण आठवडाभराच्या नोंदींतून कारण बऱ्याचदा स्वतःच दिसू लागते. नवरात्रात वर्गात गरबा असेल तर लाउडस्पीकरचा आवाज कमी ठेवावा आणि त्याला दारापाशी उभे राहून पाहण्याची मुभा द्यावी.

नावाने हाक मारल्यावर न वळणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, आलेले शब्द गमावणे अशा खुणा आढळल्या तर शिक्षिकेने निदान करू नये. पाहिलेले तेवढेच पालकांना सांगावे. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे उत्तर ठरलेले असते, तरी श्रवणतपासणी आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची भेट लांबवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा नावानिशी समावेश आहे आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणे बंधनकारक आहे. वर सांगितलेले बदल मात्र दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी थांबवू नयेत. पुढे निदान वेगळे ठरले, तरी चित्रांच्या वेळापत्रकाने कोणत्याच मुलाचे नुकसान होत नाही.