घरच्या स्विमिंग पूलचं कुंपण: काळ्या मातीत गेट बंद राहायला हवं

कुंपण किती उंच घ्यायचं, हे मला सगळे विचारतात. गेटबद्दल कोणी विचारत नाही. आजवर ज्या कामांनी माझ्या पोटात गोळा आणला, ती सगळी गेटांची होती.

आधी नियम. ते जागोजागी वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात पूलला कुंपण सक्तीचं: उंची किमान 1200 मिलिमीटर, गजांमधली फट 100 मिलिमीटरच्या आत, गेट पूलच्या उलट बाजूला उघडणारं आणि सोडलं की आपोआप कडी पडणारं. फ्रान्सच्या 2003 च्या कायद्यात कुंपण, अलार्म, मजबूत झाकण किंवा बंदिस्त छत यांतलं एक केलं तरी चालतं. अमेरिकेत राज्य बदललं की आकडा बदलतो. ॲरिझोनात 5 फूट. आपल्याकडे मुंबई सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. सोलापूर महापालिकेच्या हद्दीत परवानगी पालिका देते, हद्दीबाहेरच्या फार्महाऊसला वेगळ्या कार्यालयात जावं लागतं. खोदाईआधी नकाशात पूल आणि कुंपण दोन्ही दाखवा, अटी लेखी घ्या. ‘शेजाऱ्यानं असंच केलंय’ यावर काम सुरू करू नका. मी स्वतः कुठेही ऑस्ट्रेलियाच्या मापाखाली उतरत नाही.

गज उभेच घ्या. चेनलिंक जाळी अजिबात नको, पाच वर्षांचं पोर ती शिडीसारखी चढतं. कुंपणाला लागून कुंडी, खुर्ची, पंपाच्या मोटारीची पेटी ठेवू नका. 3 फूट जागा मोकळी सोडा. आणि घराची भिंत चौथी बाजू म्हणून धरू नका. आपल्या घरांत मागचं दार दिवसभर उघडं असतं.

आता गेट. इथे मी चुकलोय.

अक्कलकोट रोडच्या एका फार्महाऊसवर मे महिन्यात काम केलं. जमीन भेगाळलेली, दगडासारखी कडक. दीड फुटाचे खड्डे घेतले, काँक्रीट भरलं, खांब ओळंब्यात उभे केले. गेट सोडलं की खट् करून कडी पडायची. ऑगस्टमध्ये मालकांचा फोन आला, ‘गेट ओढून लावावं लागतंय.’ जाऊन पाहिलं तर बिजागरीचा खांब कलला होता आणि कडी खाचेच्या अर्धा इंच खाली आपटत होती. रोजच्या ओढाओढीला कंटाळून घरच्यांनी गेटाला वीट लावून ठेवलेली. आत ओल्या फरशीवर नातवाच्या छोट्या चपला. नातू घरात झोपला होता, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पूलच्या बाजूची माती उडालेल्या पाण्यानं ओली राहते, बाहेरची सुकते, आणि खांब कलतो. बिजागऱ्या कितीही भारी आणा, पाया हलला की कडी चुकणारच.

म्हणून गेटाच्या खांबांसाठी मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर खड्डा रुंद घ्या, काळी माती सगळी बाहेर काढा आणि बाहेरून आणलेला मुरूम थराथरानं ठोकून भरा. ‘माती घट्ट आहे, दोन फूट बास’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. उन्हाळ्यात ती घट्टच दिसते. मग दोन्ही खांब जमिनीखालून सळया घातलेल्या एकाच काँक्रीट बीमनं जोडा. पाया थोडा हललाच, तर दोन्ही खांब बरोबर हलतील आणि कडी खाचेसमोर राहील.

बिजागऱ्या स्प्रिंगच्या, ताण कमीजास्त करता येणाऱ्या, 316 ग्रेड स्टेनलेसच्या घ्या. क्लोरीनच्या पाण्यापुढे साधं लोखंड टिकत नाही. घराच्या दाराचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप ओढून लावणारा हात, उघड्यावर लावू नका. कडीची मूठ जमिनीपासून 1500 मिलिमीटरवर.

गेट पूर्ण उघडून सोडलं तर वेगानं कडी पडतेच, त्यावर खूश होऊ नका. दोन बोटांएवढं उघडा आणि सोडा. हात न लावता तिथूनही कडी पडली पाहिजे. ही चाचणी काम झाल्यावर करा, पहिल्या मोठ्या पावसानंतर करा आणि पुन्हा एप्रिलमध्ये माती भेगाळली की करा. एकदा जरी चुकली, तर बिजागरीचा ताण असो की खांब, दुरुस्ती होईपर्यंत गेटाला कुलूप घाला आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात ठेवा.