आधी गटार, मग दिवा, रंग सगळ्यात शेवटी

मी साइनबोर्ड पेंटर, पुण्याच्या कसब्यातला. फ्लेक्स आलं आणि दुकानांच्या पाट्यांचं काम गेलं. आता शाळांच्या भिंती, मंडळांचे पडदे, असं चालतं. ‘आमची गल्ली जरा चांगली करायचीय, एखादं चित्र काढून द्या’ असे फोन मला येतात. मी सांगतो, चित्रापासून सुरुवात करू नका. ते कुणालाच आवडत नाही, कारण चित्र दोन रविवारांत होतं आणि गटाराला वर्ष लागतं.

मुंबईतल्या घाटकोपरचंच बघा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जोशी लेनच्या रहिवाशांनी आपला कचरा आपणच वेगळा करायला घेतला. गल्लीची जबाबदारी रहिवाशांनी घ्यायची ही महापालिकेची एएलएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, योजना त्याच काळात उभी राहिली. पुढे २०१७-१८ च्या सुमारास जवळच्याच असल्फ्याच्या टेकडीवरची घरं रंगवली गेली आणि मेट्रोतून काढलेले त्यांचे फोटो देशभर फिरले. पेंटर म्हणून असल्फा बघून माझे हात शिवशिवतात. पण गल्ली सुधारायची म्हटलं की मी जोशी लेनचं नाव घेतो.

सुरुवात मे महिन्यात करा. मुलं घरी असतात, पाऊस नसतो. मीटिंग बोलावू नका. मीटिंगला तीच चार माणसं येतात आणि त्यातली तीन बोलतात. त्यापेक्षा उन्हं उतरली की गल्लीचं एक टोक तासभर दुचाक्यांना बंद करा आणि रस्त्यावर रांगोळीने गल्लीचा नकाशा काढा. रांगोळी बायकांच्या हातात द्या, पुरुषांनी दोरी धरावी. प्रत्येक घर, नळ, झाड, डीपी म्हणजे विजेची पेटी, कचऱ्याचा कोपरा त्यात यायला हवा. मग तीन वाट्या फिरवा. पाणी तुंबतं तिथे नीळ, दिवा हवा तिथे हळद, आणि जिथून जाताना भीती वाटते तिथे कुंकू.

आमच्याकडे सगळ्यात जास्त कुंकू पडलं ते डीपीमागच्या बोळाच्या तोंडाशी. आम्हा पुरुषांपैकी एकालाही ती जागा सुचली नव्हती. क्लासवरून येणाऱ्या मुली रोज तिथून पळत घरी येतात, हे गल्लीला त्या संध्याकाळी कळलं. कुणी स्कूटर घालायच्या आत वरच्या गॅलरीतून नकाशाचा फोटो काढून घ्या. पुढचे सगळे अर्ज त्यावरूनच लिहायचे आहेत.

मग कामं वाटून घ्या. कुंड्या, जुन्या सायकलींचे सांगाडे, जिन्याखालचं भंगार हे आपलं आपण. बंद पडलेला दिवा, तुटलेलं चेंबरचं झाकण ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातली साधी तक्रार. नवा खांब, फरशी, बाक, पदपथाची दुरुस्ती यांना मात्र पैसे लागतात, आणि ते अंदाजपत्रकातून आणावे लागतात. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात, तारीख दर वर्षी हलते, म्हणून जुलैपासूनच चौकशी ठेवा. काम पाच लाखांच्या आतलं आणि सार्वजनिक जागेवरचं हवं. सोसायटीच्या कंपाउंडातलं चालत नाही.

अर्जात ‘गल्लीचे सुशोभीकरण’ असं लिहू नका. त्या शब्दाखाली काहीही बसतं आणि शेवटी कुणाच्या तरी नावाची कमान उभी राहते. ‘अमुक घरासमोरच्या डीपीपासून बोळाच्या तोंडापर्यंत दोन दिवे’ असं लिहा, नकाशाचा फोटो जोडा. जमल्यास कनिष्ठ अभियंत्याला आधीच जागेवर आणून इस्टिमेटचा अंदाज घ्या. तो चहाला थांबतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

नगरसेवकाला टाळायचं कारण नाही. पत्र त्यालाही द्या, पण पाठीशी गल्लीच्या सह्या हव्यात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच होते. ज्यांचं सगळं एका माणसाच्या फोनवर चालायचं त्यांची तेव्हा पंचाईत झाली. सह्यांचा कागद मात्र कुणाहीपुढे ठेवता येतो.

आता सह्या कुठून आणायच्या? अर्जांचे दिवस आणि गणपती बहुधा मागेपुढेच येतात. पुण्याच्या पेठांत जिवंत देखावा ही आयती कला आहे, ती वापरा. मंडळाला पटवायला जरा वेळ लागतो. शिवचरित्रातला प्रसंग आणि हुंड्याचा विषय यांच्या बाहेर कार्यकर्त्यांची कल्पना सहसा जात नाही. पण एकदा गल्लीचाच देखावा करायचा ठरला की मग त्यांना आवरावं लागतं. संहिता दहा मिनिटांची, त्यापेक्षा एक वाक्य जास्त नको, कारण बाहेर रांग थांबलेली असते. आवाज आधी रेकॉर्ड करा, पात्रांनी नुसते ओठ हलवायचे. त्यामुळे ज्यांना बोलायची लाज वाटते तीही माणसं उभी राहतात. आमच्या देखाव्यात इस्त्रीवाले काका चेंबरचं झाकण झाले होते, आणि ‘माझ्यावर पाय ठेवा, पण जपून’ या वाक्याला रोज टाळ्या पडायच्या. बोळातली मुलगी मात्र विनोदी करू दिली नाही. ती नुसती एकदा पळत गेली, दिवा विझला, पुढचा प्रसंग.

मंडपाच्या बाहेर टेबल टाका, त्यावर नकाशाचा मोठा फोटो आणि सह्यांची वही. देखावा बघून बाहेर पडणारा माणूस लगेच सही करतो. घरी जाऊन मागितली तर ‘वाचून सांगतो’ म्हणतो. ध्वनिक्षेपकाची वेळ पाळा. रात्री दहाचा नियम आहे आणि सवलतीचे दिवस ठरलेले असतात; पोलीस चौकीतून आधीच लिहून घ्या.

अर्ज दिल्यावर काही महिने काहीच हलत नाही. पुढच्या अंदाजपत्रकात काम आलं का ते छापील पुस्तकात बघा, नागरिकांच्या कामांची यादी वेगळी असते. आलं असेल आणि तरी काम सुरू होत नसेल, तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा, उत्तराला तीस दिवस. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. वर्क ऑर्डरची प्रत आणि एमबीची, म्हणजे मोजमाप पुस्तकाची, प्रत मागा.

चित्राचं आता. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. भिंत ज्याची आहे त्याचं लेखी पत्र घ्या. सार्वजनिक भिंत असेल तर क्षेत्रीय कार्यालयाचं. परवानगी नसेल तर मालमत्ता विद्रूप केल्याचा १९९५ चा राज्याचा कायदा तुमच्या सुंदर चित्रालाही लागतो. डीपीला महावितरणला विचारल्याशिवाय ब्रश लावू नका. जुना वाडा वारसा यादीत असेल तर त्याला हात लावू नका, तो तसाच बरा दिसतो.

भिंतीला ओल आहे का ते आधी बघा. हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर आधी पाण्याची गळती शोधायची, रंग नाही. तारेच्या ब्रशने पोपडे आणि पोस्टरची खळ काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या. मग सिमेंट प्रायमरचा एक हात, वर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन दोन हात. भिंत गुळगुळीत असेल तर लिटरला दोन हातांत पन्नास-साठ चौरस फूट निघतात, खरबरीत असेल तर कमी. खालचा दीड फूट गेरूच्या रंगाचाच ठेवा. चिखल, पिंक आणि कुत्री तिथपर्यंत पोचतात.

चित्र माझ्यासारख्याने काढून देऊ नये. कागदावर मुलांनी काढावं, त्यावर चौकोन पाडावेत, दोरी मारून तेवढेच चौकोन भिंतीवर घ्यावेत. प्रत्येक घराला एक चौकोन, ज्याचा त्याने भरावा. रेषा वाकड्या येतात. येऊ द्या, मी फक्त शेवटी काळी बॉर्डर ओढतो. ज्याने चौकोन भरलाय त्याच्या घरचा माणूस तिथे थुंकत नाही, आणि दुसऱ्याला थुंकू देत नाही. म्हणूनच देवांच्या फरशा लावायला माझा विरोध आहे. जिथे लोक लघवी करतात तिथे मुतारी आणि दिवा लागतो, शंकराला पहाऱ्यावर बसवून काय उपयोग?

उरलेला रंग घट्ट झाकण लावून मंडळाच्या खोलीत ठेवा. डब्यावर शेड नंबर आणि तारीख घाला; तोच नंबर भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवा, कारण डबा कुणीतरी पळवतंच. पावसाळा संपला की टचिंग करायचं. त्या वेळी ब्रश कुणी आणायचा ते आताच ठरवा, आणि ज्याचं नाव ठरेल त्याच्याकडूनच खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत करून घ्या.