गावात राहून आपलं आपल्याजवळ ठेवायचं, तर या चुका टाळा

अंगणात पाव्हण्यांची गाडी थांबली की चहा उकळायच्या आत पानठेल्यावर खबर पोहोचते. विदर्भातल्या खेड्यात हे थांबणार नाही. वावर किती हे ऑनलाइन सातबाऱ्यावर कोणीही पाहतो आणि बँकेचा बोजा चढवलेला असेल, तर तोही ‘इतर हक्कां’त दिसतो. म्हणून जमीन आणि कर्ज यांबाबत थापा मारू नका, उघड्या पडतात. पण रक्कम, तारीख आणि कागद या तीन गोष्टी अजून आपल्या हातात आहेत.

चुकाऱ्याचा आकडा सांगणं. कापूस विकला की पहिला प्रश्न ठरलेला: “किती आले बावा?” खर्रा घोटता घोटता माणूस भाव सांगतो, मग क्विंटल सांगतो. गुणाकार ऐकणारा करतो. संध्याकाळी उसनवारीला दोघं दारात. त्यातला एक सोयरा असला, तर नाही म्हणता येत नाही आणि दिलेले परत मागताही येत नाहीत. “भाव बरा भेटला, पहिले कृषी केंद्राची उधारी फेडतो,” एवढं बोलून विषय पावसावर न्यावा. आकडा आधीच सांगून बसला असाल, तर सारवासारव करू नका. “ते पैसे लागले कामाला” हे उत्तर पुरतं.

सोयरिक पक्की व्हायच्या आधी स्टेटस ठेवणं. पोरगी पाहायला आले, फोटो काढले आणि मामेभावाने लगेच टाकले. पुढे जमलं नाही तर कारण विचारायला गाव येतं, आणि उत्तर पोरीला द्यावं लागतं. सुपारी फुटेपर्यंत फोटो नको, हे घरातल्या पोट्ट्यांना आधीच बजावा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस कोणाला दिसू नये हे निवडता येतं, पण एकाने स्क्रीनशॉट काढला की संपलं. वधू-वर ग्रुपवर बायोडाटा टाकताना पोरीचा नंबर, घरचा पत्ता देऊ नका. काकाचा नंबर पुरे.

आधारचा फोटो ग्रुपवर टाकणं. “योजनेच्या यादीत नाव आहे का बघ ना भाऊ,” म्हणत पासबुकासकट टाकणारे आहेत. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे शेवटचे 4 अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या. पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडू नका. पैसे गेलेच, तर तडक 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलं की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

सगळंच दाबून ठेवणं. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये हे खरं, पण मारहाण ही घरातली गोष्ट नसते. त्यासाठी 181 ही महिलांची हेल्पलाइन किंवा 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर आहे. सावकाराचा तगादा आणि उडालेली झोपही एकट्याने गिळू नये. पारावर नको, पण बायकोला, भावाला, नाहीतर पोटात गोष्ट ठेवणाऱ्या एका माणसाला खरा आकडा ठाऊक असू द्या. घरच्यांशी बोलवत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर कोणत्याही वेळी लागतो, मराठीतही बोलता येतं. फोन वावरातून करा, ठेल्यावरून नको.